चौदा खंड हातात घेण्याआधी

लांबलचक फँटसी मालिका सुरू करायची, तर ती पूर्ण झाली आहे का, हे आधी बघा. 'द व्हील ऑफ टाइम'चा पहिला खंड १९९० मध्ये आला. २००७ मध्ये लेखक रॉबर्ट जॉर्डन गेले, मग ब्रँडन सँडरसन यांनी काम हाती घेतलं आणि चौदावा, शेवटचा खंड २०१३ मध्ये निघाला. इतका धीर आहे का?

असेल तर पहिल्या खंडाची शंभर-दीडशे पानं वाचा. नावं, घराणी, नकाशे यांचा गोंधळ उडणारच, तो हळूहळू निवळतो. एखाद्या पात्राचं पुढे काय होणार, याची हुरहुर लागली का, तेवढं तपासा. नसेल, तर 'पुढे रंगत येते' या भरवशावर खंडामागून खंड रेटू नका. मधले खंड रेंगाळतात, हे मात्र धरूनच चला. मला तीच पानं आवडतात, माणसं तिथेच उलगडतात.