कॉलनीतला गतिरोधक : या चुका टाळा

गाड्या सुसाट जातात म्हणून रहिवासी तक्रार करतात, मग एका रात्रीत डांबराचा उंचवटा पडतो. वेग तसाच राहतो, वर मणके दुखतात. बहुतेक वेळा चुकतो तो आकार.

अरुंद आणि उंच. अंदाजाने टाकलेला गतिरोधक हात-दीड हात रुंद असतो. त्यावरून सावकाश गेलं तर दणका बसतो. वेगात गेलं तर बराचसा धक्का स्प्रिंगच झेलतात. म्हणजे सुसाट जाणाऱ्यालाच सवलत! रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलेला गोलाकार गतिरोधक प्रवासाच्या दिशेने 3.7 मीटर रुंद, मधोमध 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा असतो. ताशी 25 किलोमीटरने तो त्रास न होता ओलांडता येतो.

हा आकार नजरेने जमत नाही, प्लायवूडचा साचा कापून घ्या. मध्यापासून अर्ध्या मीटरवर उंची 9.3 सेंटिमीटर, एक मीटरवर 7.1, दीड मीटरवर 3.4 आणि 1.85 मीटरवर शून्य. रोलर फिरल्यावर साचा पुन्हा लावून पाहा. डांबर दबतं, म्हणून आधी थोडं जास्त टाकावं लागतं. बस किंवा ट्रक जात असतील तर हाच गतिरोधक त्यांना कडक पडतो, तिथे दोन्ही कडांना 1:20 उताराचे दीड मीटरचे रॅम्प जोडतात.

कडेला मोकळी फट. पावसाचं पाणी जावं म्हणून ती ठेवतात आणि दुचाकी नेमक्या तिथून, पायी चालणाऱ्यांना चाटून निघतात. गतिरोधक कडेपर्यंत न्या, पाण्यासाठी खालून पाईप घाला. पावसाळ्याआधी पाईप साफ झाला नाही तर तळं साचणारच.

एकच गतिरोधक. तो ओलांडला की चालक लगेच ॲक्सिलरेटर दाबतो. लांब सरळ रस्त्यावर 100 ते 120 मीटर अंतराने मालिका हवी. पहिल्याच्या 40 मीटर आधी सूचना फलक लावा, पट्ट्यांचा रंग रात्री चमकणारा घ्या. न दिसणारा गतिरोधक दुचाकीस्वाराच्या जिवावर उठतो.

घरांसमोर रंबल स्ट्रिप, म्हणजे रस्त्यावर आडव्या टाकलेल्या बारीक उंचवट्यांच्या पट्ट्या. रात्रभर खडखडाट होतो. वस्तीत नकोच.

नुसती ‘30’ची पाटी. केंद्राच्या एप्रिल 2018च्या अधिसूचनेनुसार पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींची कमाल मर्यादा ताशी 70 आहे. स्थानिक मर्यादा रीतसर अधिसूचित करून घ्या. सोसायटीने रंगवलेल्या पाटीवर दंड होत नाही. ताशी 30 ने जाणारी गाडी, चालक भानावर येण्याचा एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर साधारण 13 मीटरमध्ये थांबते. 50 ने जाणारीला 28 मीटर लागतात. मुलं खेळतात त्या गल्लीत हा फरक फार मोठा आहे. पाटीसोबत कोपऱ्यांची वळणं आवळा, शाळेच्या दारात क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला आणा.

रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की कडा बुजतात, उंची बदलते. त्याच आठवड्यात साचा पुन्हा लावा आणि फरक आढळला तर ठेकेदाराचं बिल निघण्याआधी वॉर्ड ऑफिसला लेखी कळवा.