सभासद क्रमांकाने लॉगिन: पहिल्या मायग्रेटच्या आधी

सभासदांना क्रमांकाने लॉगिन द्यायचं असेल तर कोडला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाचं रजिस्टर मागून घ्या आणि तासभर नुसतं चाळा. सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाचं ऑनलाइन काम आम्ही घेतलं तेव्हा हे शेवटी केलं, आणि ते चांगलंच महागात पडलं. सभासद क्रमांक प्रत्येकाचा वेगळा, कार्डावर छापलेला, लोकांना पाठ असलेला. मग तोच प्रायमरी की (टेबलातल्या प्रत्येक नोंदीची मुख्य ओळख) करून टाकला. दोन महिन्यांनी काउंटरवरच्या काकूंचा फोन: "अहो, या बाई परवाच सभासद झाल्यात, आणि यांच्या नावावर ज्योतिषाची चाळीस पुस्तकं दिसतायत!" झालं होतं असं की कोणी अनामत परत घेऊन गेलं की तो नंबर पुढच्या नव्या माणसाला द्यायचा, हा तिथला जुना रिवाज. काकूंनी जुन्याच खात्यातलं नाव बदललं, आणि आधीच्या गृहस्थांचा सगळा इतिहास बाईंच्या पदरी आला. काकूंचं काही चुकलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

तेव्हा रजिस्टरवाल्यांना तीन गोष्टी विचारा: नंबर पुन्हा दिला जातो का, दोन शाखांमध्ये एकच नंबर असू शकतो का, आणि नवरा-बायकोचं कार्ड एक की दोन. मग टेबलात दोन वेगळे रकाने ठरवा. एक आतला आयडी, जो कोणी पाहत नाही, बदलत नाही आणि दुसऱ्याला कधीच मिळत नाही. साधा वाढता आकडा चालेल, वेबपत्त्यात दिसणार असेल तर यूयूआयडी (अंदाज न येणारी लांबलचक ओळख) बरा. दुसरा माणसाने टाइप करायचा नंबर. तो आज बदलला तरी पुस्तकांच्या नोंदी जागच्या हलता कामा नयेत. ओपनआयडी कनेक्टमध्ये (दुसऱ्या सेवेच्या खात्याने लॉगिन करायची प्रमाण पद्धत) 'सब' नावाची ओळख असते, तिचीही अट हीच आहे: एकदा दिलेली ओळख पुन्हा दुसऱ्याला द्यायची नाही. पुढे गूगलने लॉगिन जोडलंत तर तिथलाही 'सब'च साठवा. ईमेलवर खातं बांधू नका.

ईमेल किंवा मोबाइलच का नको, असं कोणीतरी मीटिंगमध्ये विचारणारच. पेठेतल्या घरांत नानांचा, नानींचा आणि नातवाचा मिळून एकच ईमेल असतो, आणि तोही बंगळूरच्या मुलाने उघडलेला. मोबाइल नंबर बंद पडला की ९० दिवसांच्या मुदतीनंतर कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते. आधार मागण्याचा विचार आला तर चहा घेऊन या, तोवर जाईल.

आता जँगो, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बांधायची चौकट. स्वतःचं यूझर मॉडेल (खात्यात काय साठवायचं याचा आराखडा) २०१३च्या १.५ आवृत्तीपासून ठेवता येतं, पण ते पहिल्या मायग्रेटच्या, म्हणजे मॉडेलांवरून डेटाबेसची टेबलं बनवणाऱ्या आदेशाच्या, आधी ठरवायचं. नंतर बदलायला गेलात तर यूझरकडे बोट दाखवणारी प्रत्येक फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्याशी जोडणारा रकाना) हाताने सोडवत बसावी लागते. सेटिंगमध्ये ऑथ_यूझर_मॉडेल, मॉडेलमध्ये यूझरनेम_फील्डला सभासद क्रमांक, आणि इतर मॉडेलांत यूझर थेट इम्पोर्ट न करता त्या सेटिंगकडे निर्देश. मायग्रेट होऊन गेलं असेल तर मॉडेलला हात लावू नका; क्रमांक वेगळ्या टेबलात ठेवा आणि त्यावरून माणूस शोधणारा ऑथेंटिकेशन बॅकएंड (लॉगिन तपासणारा कोड) लिहा. तो लिहिताना एक गोष्ट हमखास राहते: खातं सापडलं नाही तरी पासवर्ड एकदा हॅश करा (उलगडता न येणाऱ्या रूपात बदला). जँगोचा मूळ बॅकएंड तसं करतो, नाहीतर उत्तर येण्याच्या वेळेवरूनच कोणता नंबर खरा हे कळतं.

आकड्यांकडे नीट बघा, कारण इथे आपलं मराठीपण आडवं येतं. फोनवर मराठी कीबोर्ड असलेले आजोबा ४१२ मराठी आकड्यांत टाकतात. पायथनच्या इंटला (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) ते चालतात, 'हे आकडेच ना' हे बघणारं इझडिजिटही हो म्हणतं, म्हणून तपासणी पास होते. पण अक्षरं म्हणून तुलना केली तर इंग्रजी आकड्यांतल्या नंबराशी ती जुळत नाहीत. जँगो यूझरनेमवर करतं त्या एनएफकेसी सफाईनेही (अक्षरांची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी) हे आकडे बदलत नाहीत. म्हणून सगळे आकडे एका लिपीत आणणं आणि मोकळ्या जागा काढणं मॉडेलच्या मॅनेजरच्या (डेटाबेसमधून नोंदी शोधून देणारा भाग) गेट_बाय_नॅचरल_की मध्ये ठेवा, म्हणजे लॉगिन त्यातूनच जाईल; खातं साठवतानाही तेच फंक्शन वापरा. क्रमांक अक्षरं म्हणूनच साठवा. यादी एक्सेलमधून येणार असेल तर तो कॉलम आधीच टेक्स्ट करून घ्या, नाहीतर सुरुवातीची शून्यं गिळली जातात.

नवीन कार्डं छापणार असाल तर शेवटी एक तपासणी अंक घाला. आधारचा शेवटचा अंक व्हेरहॉफ पद्धतीने निघतो; एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे झाले तर ती पकडते. लॉगिनला याची फारशी गरज नाही, तिथे पासवर्ड आहेच. काउंटरवर पासवर्ड नसतो. तिथे घाईत ४१२ चं ४२१ झालं की पुस्तक भलत्याच्या नावावर जातं.

क्रमाने येणारे नंबर कोणालाही ओळखता येतात, हे धरूनच चाला. चुकीचा नंबर आणि चुकीचा पासवर्ड यांना एकच संदेश द्या. पहिला पासवर्ड म्हणून जन्मतारीख नको. चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं कुलूपबंद करण्याऐवजी वेग कमी करा, नाहीतर एखादा रिकामटेकडा एका दुपारी सगळं वाचनालय बाहेर काढेल.

पासवर्ड विसरल्याची वाट नाना-नानींच्या ईमेलवर तपासा. जँगो त्या ईमेलवरच्या प्रत्येक चालू खात्यासाठी वेगळा मेल पाठवतं, आणि मजकुरात यूझरनेम असतं. मराठीत मजकूर करताना ती ओळ उडवू नका. तिघांपैकी कोणाची लिंक हे तिच्यावरूनच कळतं. आणखी एक खाच: जुने सभासद आयात करताना पासवर्ड 'न वापरण्याजोगा' करून ठेवला असेल तर त्यांना हा मेल जातच नाही, चूकही दिसत नाही. त्यांच्यासाठी पहिल्या लॉगिनची लिंक वेगळी पाठवा.

सुरू करण्याआधी एक संध्याकाळ काउंटरशेजारी बसा. आमच्या लॉगिनच्या खिडकीवर 'यूझर आयडी' लिहिलेलं होतं आणि निम्मे लोक तिथे ईमेल टाकत होते. काकूंनी 'कार्डावरचा नंबर' असं लिहायला लावलं, तेव्हा फोन थांबले.