गिरणगावात कॅमेरा घेऊन जाताना
माझे वडील कापड गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते, म्हणून लोअर परळला गेलो की माझी नजर आधी चिमणी शोधते. फिनिक्स मिलची चिमणी आज मॉलच्या आवारात उभी आहे. ती एकटी टिपू नका. काचेच्या इमारतींसह एकाच चौकटीत घ्या. जवळून वाइड लेन्स वर रोखली की चिमणी मागे झुकलेली दिसते. त्यापेक्षा लांब जाऊन ८५ मिमीच्या लेन्सने काढा. कॅमेरा फारसा उचलावा लागत नाही आणि मागचा टॉवर चिमणीला येऊन भिडतो.

एखाद्या जुन्या शेडचं करवतीच्या दातांसारखं छप्पर दिसलं तर आत जरूर जा. त्याची तावदानं सहसा उत्तरेकडे असतात, त्यामुळे थेट ऊन न येता दिवसभर सारखा, मऊ उजेड मिळतो. याच उजेडात कामगार तुटलेला धागा शोधायचे. आता तिथे कुणी लॅपटॉप उघडून बसलं असेल, तर विचारून त्यांचा फोटो घ्या. फ्लॅश नकोच.

आवार खासगी असतं. ट्रायपॉड लावण्याआधी वॉचमनशी बोला.

शेजारच्या चाळीत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपातलं कुणी भेटलं, तर कॅमेरा खाली ठेवून आधी विचारा, ‘काका, खातं कुठलं तुमचं?’