अवघड निर्णयाची वही: शहाणपणाचा सराव कसा करावा

मराठीत 'शहाणा' हा शब्द कौतुकाने उच्चारला तर गुण ठरतो आणि डोळे वटारून उच्चारला तर शिवी. 'दीडशहाणा' हा तर सरळ उपहासच आहे. पुष्कळ माहीत असणे म्हणजे शहाणपण नव्हे, हे आपल्या भाषेला केव्हाच उमगलेले आहे. ॲरिस्टॉटलही हाच भेद करतो. तरुण माणूस भूमितीत प्रवीण होऊ शकतो, परंतु व्यवहारातला विवेक, म्हणजे त्याच्या शब्दांत 'फ्रोनेसिस', त्याच्याजवळ सहसा नसतो. कारण हा विवेक एकेका प्रसंगाशी जोडलेला असतो आणि प्रसंग ओळखू येण्यास काळ जावा लागतो. म्हणून सरावाचा प्रारंभ ग्रंथापासून न करता सध्या छळत असलेल्या एखाद्या खऱ्या प्रश्नापासून करावा. माझ्यापुढे बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमचा जुना वाडा विकावा की राखावा, हा प्रश्न होता.

एक साधी वही घ्यावी आणि प्रश्न स्वतःविषयी नसून कुणा दुसऱ्याविषयी आहे, अशा रीतीने तृतीयपुरुषी लिहावा. इगॉर ग्रोसमन आणि ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की माणसे मित्राच्या पेचावर जितका समंजस विचार करतात, तितका स्वतःच्या पेचावर करत नाहीत; मात्र स्वतःकडे दुरून पाहण्यास सांगितल्यावर हा फरक नाहीसा होतो. मी लिहिले: 'एका गृहस्थाला वाडा विकायचा नाही, कारण आपण तेथे वाढलो असे तो म्हणतो.' ते 'म्हणतो' लिहितानाच माझा हात थबकला. खरे कारण वेगळे होते: धाकट्या भावाने माझ्याआधी गिऱ्हाईक आणले होते.

त्याच पानाखाली पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहाणपण जोखण्यासाठी जे निकष ठरवले, त्यांवरून मी ते बेतले आहेत. वस्तुस्थिती काय आहे? मार्ग कोणते आहेत? संबंधित माणसे आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहेत? त्यांना कशाचे मोल वाटते? आणि आपल्याला काय ठाऊक नाही? पहिल्या दोहोंची उत्तरे भराभर सुचतात, त्यामुळे त्यांवर रेंगाळू नये. शेवटच्या प्रश्नासाठी मात्र निम्मे पान कोरे ठेवावे, आणि ते सहज भरले तर आपण स्वतःला फसवत आहोत असे खुशाल समजावे.

येथवरचे सारे काम विचाराचे झाले. बौद्ध परंपरा प्रज्ञेचे तीन स्तर मानते: ऐकून आलेली श्रुतमयी, तर्काने पटलेली चिंतनमयी आणि प्रत्यक्ष साधनेने उमललेली भावनामयी. राग अनित्य आहे हे मी ऐकले होते आणि मला ते पटलेही होते. तरीही भावाचा दूरध्वनी आला की कान तापत. म्हणून बोलणी करण्यापूर्वी दहा मिनिटे स्वस्थ बसून श्वास पाहावा, आणि बोलताना कानांत ऊब आली की तिची नुसती नोंद घ्यावी, उत्तर देण्याची घाई करू नये. ऊब आपोआप ओसरते; हे एकदा स्वतः अनुभवले की वाचलेल्या शब्दाला वजन येते.

याच परंपरेत साधनेचा क्रम शील, समाधी, प्रज्ञा असा आहे; म्हणजे इतरांशी नीट वागणे आधी, शहाणपण नंतर. बाबासाहेब आंबेडकरांनीही प्रज्ञेच्या जोडीला शील आणि करुणा आवश्यक मानली, आणि त्यांना १९१७ साली संस्थानच्या नोकरीत असताना याच बडोद्यात राहण्यास जागा मिळू दिली गेली नव्हती, याची आठवण वाड्याच्या वाटण्या करणाऱ्या आम्हा लोकांना असलेली बरी. तेव्हा निर्णय कळवण्याआधी त्याची झळ सर्वांत जास्त कुणाला बसेल, त्याचे नाव वहीत लिहून त्याच्याशी आधी बोलावे. आमच्याकडे ते नाव वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंचे होते, आणि त्यांना कुणी काही विचारलेलेच नव्हते.

शेवटी पुढे काय घडेल याचा अंदाज तारीख घालून लिहावा आणि सहा महिन्यांनी ते पान उघडावे. 'विक्री लांबवली तर धाकटा वर्षभर बोलणार नाही,' असे मी ठामपणे लिहिले होते. तो चौथ्याच दिवशी काकूंसाठी शेव-उसळ घेऊन आला आणि माझ्यासाठीही एक पुडके काढून ठेवले.