तिसऱ्यांदा तीच स्थिती: ड्रॉ मागायचा कसा?

बुद्धिबळाच्या रेटिंग स्पर्धांत नव्याने उतरणाऱ्यांनो, ड्रॉला, म्हणजे अर्धा गुण देणाऱ्या बरोबरीला, कमी लेखू नका. २०२५ चा विश्वचषक आपल्या गोव्यातच झाला. अंतिम लढतीतले दोन्ही क्लासिकल (जास्त वेळाचे) डाव बरोबरीत सुटले, मग कमी वेळाच्या टायब्रेक डावांत उझबेकिस्तानच्या सिंदारोवने चीनच्या वेई यीला हरवलं. त्याआधी २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या सामन्यात क्रामनिकने काळ्या मोहऱ्यांनी बर्लिन बचाव (डावाची एक ठरलेली सुरुवात) धरला आणि कास्पारोवला अख्ख्या सामन्यात एकही डाव जिंकता आला नाही.

त्याच बर्लिनमध्ये १४ चालींत ड्रॉ होणारी एक वाट आहे. काळा घोड्याने बी५ घरावरचा (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी) उंट घेतो, पांढरा ए४ खेळतो, थोडी मारामारी होते आणि पांढरा वजीर डी४ वर, काळा डी६ वर येतो. पांढरा ई४ वरून शह देतो, काळा ई६ वर वजीर आडवा घालतो. पुन्हा डी४, पुन्हा डी६. हीच स्थिती तिसऱ्यांदा आली की ड्रॉ, पण आपोआप नाही! आपोआप होतो तो पाचव्या वेळी. तिसऱ्या वेळी मागावा लागतो.

माझा अर्धा गुण इथेच गेला, म्हणून सविस्तर सांगते. समजा तुम्ही काळे आहात आणि वजीर डी६ वर नेला की स्थिती तिसऱ्यांदा येणार आहे. ती चाल आधी स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदावर) लिहा. वजिराला हात लावू नका. घड्याळ थांबवा, आर्बिटरला (पंचाला) बोलवा, मग दावा सांगा. सवयीने वजीर उचललात की त्या चालीपुरता हक्क गेला. चाल करून घड्याळ दाबलंत, तर मागायचा हक्क समोरच्याकडे जातो, आणि त्याला जिंकायचं असेल तर तो सरळ वेगळी चाल खेळेल. स्थिती लागोपाठ यायला हवी असं नाही, मात्र चालीची पाळी त्याच खेळाडूची हवी आणि कॅसलिंगचे (राजा-हत्तीच्या एकत्र चालीचे) हक्कही तेच हवेत.

काही प्रशिक्षक लहान मुलांकडून ही १४ चालींची वाट घोकून घेतात. मला ते अजिबात पटत नाही. बर्लिनमध्ये वजीर लवकर बदलले जातात, काळ्या राजाला डी८ वरून कॅसलिंग करता येत नाही, तरी काळा तगतो. ते शिकवा ना! खेळ त्याने वाढतो.

आणि दावा करायला घाबरू नका. चुकलाच तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात आणि लिहिलेली चाल तुम्हाला खेळावी लागते. शिवाय दावा हा ड्रॉचा प्रस्तावही धरला जातो, त्यामुळे समोरचा तेवढ्यावरच हो म्हणू शकतो.