वृद्धाश्रमातला माणूस जेवत का नाही, हे कसं शोधायचं

वृद्धाश्रमात माणूस खंगतो, तो बहुतेक वेळा स्वयंपाकघरात काही कमी पडतं म्हणून नाही. भाकरी असते, आमटी असते, भात-भाजी असते. ताटात वाढलेलंही असतं, पण पोटात जात नाही. मधेच कुठंतरी अडतं: दातांत, गिळण्यात, हातात, मनात, नाहीतर सकाळच्या गोळ्यांत. मी सिस्टर आहे. आधी मिरजेत वॉर्डात काम केलं, आता सांगलीजवळच्या एका वृद्धाश्रमात आहे. "वय झालं, आता कमीच जेवणार" हे वाक्य मला सहन होत नाही. वयानं भूक थोडी मंदावते हे खरं. पण अंगावरचं मांस उतरत जातं, तेव्हा त्याला कारण असतं, आणि पुष्कळदा ते सापडतं. ज्यांचे आई-वडील, आत्या, काका आश्रमात आहेत त्यांच्यासाठी आणि माझ्यासारखं काम करणाऱ्या ताई-दादांसाठी हे लिहितेय.

आधी वही करा

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. रोज बघणाऱ्याला माणूस वाळलेला कळतच नाही. महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन घ्या. महिन्याभरात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन उतरलं तर थांबायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. म्हणजे 50 किलोच्या आजी महिन्यात अडीच किलो उतरल्या की धावपळ सुरू. पायांवर सूज असेल तर काटा फसवतो. पाणी साठलेलं असतं, वजन तेवढंच दिसतं आणि आतलं मांस गेलेलं असतं.

उभं राहता येत नाही त्यांची पोटरी मोजा. खुर्चीत बसवायचं, पाऊल जमिनीला टेकवायचं, गुडघा काटकोनात ठेवायचा आणि शिंप्याकडं असते तसली टेप पोटरीच्या सगळ्यात जाड भागाला न आवळता लावायची. 31 सेंटिमीटरच्या खाली आलं तर काळजीचं. सुजलेल्या पायावर हे मापही खरं नसतं.

म्हाताऱ्या माणसांसाठी 'मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट' नावाची सहा प्रश्नांची छोटी तपासणी जगभर वापरतात. तीन महिन्यांत जेवण कमी झालंय का, वजन उतरलंय का, चालणं-फिरणं कितपत आहे, मोठं आजारपण किंवा मनाला धक्का बसलाय का, विसराळूपणा किंवा उदासी आहे का, आणि उंचीच्या मानानं वजन किती. उंची-वजन मिळत नसेल तर तिथं पोटरीचं माप चालतं. एकूण गुण 14. 12 किंवा जास्त आले तर ठीक, 8 ते 11 म्हणजे धोका, 7 किंवा कमी म्हणजे कुपोषण. कुठल्याही सिस्टरला पाच-दहा मिनिटांत जमतं. आश्रमात नवीन माणूस दाखल होतो त्या आठवड्यातच हे करून ठेवा, म्हणजे पुढं तुलना करायला काहीतरी हाताशी राहतं.

आणि तीन दिवस ताटं बघा. काय वाढलं ते लिहायचं नाही, काय परत आलं ते लिहायचं. भाकरी परत येते आणि भात संपतो, तर तोंडात बघा. पातळ परत येतं आणि घट्ट जातं, तर गिळणं बघा. सकाळी जेवण जातं आणि रात्री जात नाही, तर पोट साफ होतंय का, गोळ्या कधी दिल्या, थकवा किती आहे, ते बघा. सगळंच परत येतं, तर शेजारी बसून बोला.

तोंड आणि गिळणं

कवळी काढायला लावा आणि टॉर्च घेऊन आत बघा. वजन उतरलं की हिरडीही आकसते, कवळी सैल होते, बोलताना टकटक वाजते, जेवताना टोचते. मग माणूस कवळी डब्यात ठेवतो आणि भाकरी सोडतो. कवळीखाली लाल भाग किंवा जिभेवर पांढरे डाग असतील तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा, ती औषधानं बरी होते. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची. तोंड कोरडं असेल तर पहिल्या घासाआधी दोन घोट ताक किंवा पाणी द्या. मात्र गिळायला त्रास नाही याची आधी खात्री करून.

गिळण्याचा त्रास कसा ओळखायचा? पाणी पिताना ठसका लागतो. जेवल्यावर आवाज ओलसर, घोगरा येतो. घास गालात साठून राहतो. जेवायला तासभर लागतो. वारंवार ताप येतो, छातीत कफ भरतो. यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना आणि शक्य असेल तर गिळण्याच्या तज्ज्ञांना दाखवा, कारण अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

आपल्याकडची एक सवय इथं घात करते. मऊ म्हणून आपण आमटीत भाकरी कुस्करून देतो. पण वर पातळ पाणी आणि खाली तुकडे असा प्रकार गिळायला सगळ्यात अवघड. पाणी आधी घशात पळतं आणि तुकडा तोंडातच राहतो. कुस्करायची असेल तर आमटी घट्ट घ्या, भाकरी गरम असतानाच मोडा, झाकून पूर्ण भिजू द्या आणि एकजीव मळून द्या. चमच्यातून घरंगळायला नको, आणि चमच्याला चिकटूनही राहायला नको. नाचणीची आंबील, हुलग्याचं माडगं, ज्वारीच्या कण्या शिजवून घोटलेल्या, मऊ मुगाची खिचडी ही आपली जुनी माणसं ओळखतात आणि आवडीनं खातात. भडंग, चिवडा, कोरडे पोहे मात्र अशांच्या हाताला लागू देऊ नका, कितीही मागितलं तरी.

भरवताना माणूस ताठ बसलेला हवा, हनुवटी थोडी खाली. तुम्ही समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. उभं राहून भरवलं की मान वर जाते आणि ठसका लागतो. अर्धा चमचा द्या, गिळल्याचं गळ्यावर दिसू द्या, मग पुढचा. जेवल्यावर गाल तपासा आणि अर्धा तास बसवून ठेवा. एका माणसाला नीट भरवायला अर्धा-पाऊण तास लागतो. एका ताईनं तीन खाटांवर आळीपाळीनं चमचा फिरवायचा, असं चालत नाही. व्यवस्थापनाशी भांडायचंच असेल तर या एका गोष्टीसाठी भांडा.

हात

आमच्याकडं जतकडच्या एक आजी आहेत. अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात गेला. गिळणं ठीक, दात ठीक, उलट्या नाहीत, तरी ताट तसंच परत यायचं. "नको बाई, पोट भरलंय." मावशींनी खोलीत नेऊन एकटीला वाढलं, तेव्हा अर्धी भाकरी गेली. मग कळलं. चारचौघींच्या पंगतीत डाव्या हातानं जेवायची त्यांना लाज वाटत होती. सगळा जन्म उजव्या हातानं जेवलेली बाई, डावा हात ताटाला लावणं म्हणजे त्यांच्या लेखी अन्नाचा अपमान. चमचा दिला तर तो धरता येईना, दांडा बारीक. आम्ही चमच्याच्या दांडीला सुती कापड गुंडाळून जाड केलं, ताटाऐवजी उभ्या काठाची खोलगट थाळी दिली, खाली ओला पंचा घातला म्हणजे ती सरकत नाही, आणि भाकरीचे आधीच लहान तुकडे करून दिले. पंगतीत जागा बदलली, भिंतीकडची दिली, शेजारी अशाच चमच्यानं जेवणाऱ्या दुसऱ्या आजी. भरवण्याची गरजच पडली नाही. त्यांना काय अडत होतं हे विचारून कधीच कळलं नसतं, शेजारी बसून बघावं लागलं.

म्हणून जेवण भरवायला घेण्याआधी हे बघा: चष्मा लावलाय का, ताट हाताच्या टप्प्यात आहे का, खुर्ची टेबलाच्या मानानं बुटकी आहे का, केळ्याचं साल आणि बिस्किटाचा पुडा कुणी सोडून दिलाय का.

ज्यांना विसरण्याचा आजार आहे, त्यांना पाच वाट्यांचं ताट गोंधळात टाकतं. एका वेळी एक पदार्थ ठेवा. दहीभात पांढऱ्या ताटलीत दिसत नाही, रंगीत ताटली घ्या. टीव्ही बंद. चमचा ओळखत नसतील तर हातानं खाता येईल असं द्या: मऊ धिरड्याचे तुकडे, इडली, केळं. पुष्कळदा पहिला घास तुम्ही त्यांच्या हातात देऊन तोंडापर्यंत नेलात की पुढचं हात स्वतः करतो.

गोळ्या, पथ्य, उपवास

गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढं रिकामी करा. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननं काहींची भूक जाते, आणि वर्षानुवर्षं घेतली तर बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. विसराळूपणावरच्या डोनेपेझिलनं मळमळ होते. हृदयाच्या डायजॉक्सिनचं प्रमाण जास्त झालं तर अन्नावरची वासना उडते. लोहाच्या गोळीनं पोट जड होतं, आणि बद्धकोष्ठ असलेला माणूस कधीच पोटभर जेवत नाही. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका, पण "ही अजून लागते का?" हे जरूर विचारा.

पथ्याचंही तेच. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं म्हणून मीठ नाही, साखर नाही, तेल नाही, भात नाही. ऐंशीच्या पुढच्या, वजन उतरत चाललेल्या माणसाला एवढी बंधनं अनेकदा उपकारापेक्षा अपाय करतात. कोणतं पथ्य ठेवायचं आणि कोणतं सोडायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं किती, हेही त्यांनाच विचारा.

उपवास हा आमच्या भागातला मोठा विषय. आठवड्यातला एक वार, त्यात एकादशी, संकष्टी, वर चातुर्मास. त्यांना मोडायला सांगू नका, ती त्यांची श्रद्धा आहे. पदार्थ बदला. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. त्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची खीर, दूध, दही द्या. माळकरी आजोबांना अंड्याचा आग्रह धरू नका.

आणि पाणी. पुष्कळ बायका रात्री उठावं लागू नये म्हणून दुपारनंतर पाणी तोंडाला लावत नाहीत, संध्याकाळचं जेवणही आवरतं घेतात. खाटेजवळ कमोडची खुर्ची, वाटेत दिवा आणि हाक मारल्यावर येणारं माणूस एवढं असलं, तर जेवण आपोआप वाढतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर बायकांना दिवसाला साधारण 1.6 लिटर आणि पुरुषांना 2 लिटर पेय जायला हवं. त्यात चहा, ताक, दूध सगळं धरायचं. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त.

थोड्या घासात जास्त

म्हाताऱ्या माणसाला ढोबळमानानं दर किलो वजनामागं 30 कॅलरी आणि निदान 1 ग्रॅम प्रथिनं लागतात, आजारपणात प्रथिनं त्याहून जास्त. 45 किलोच्या आजींना म्हणजे 1350 कॅलरी आणि 45 ग्रॅम प्रथिनं. प्रथिनं अशी जमतात: मोठा पेलाभर दूध (8 ग्रॅम), दोन वाट्या घट्ट आमटी (14), दिवसभरात दीड भाकरी (7), वाटीभर दही (5), दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट (5), एक अंडं (6). अंडं चालत नसेल तर आणखी पाऊण पेला दूध. चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या आजींच्या पोटात यातलं फारसं काही जात नाही, म्हणून आधी चहाची वेळ पकडा. चहाऐवजी दूध घालून केलेली नाचणीची आंबील द्या.

ताट मोठं करू नका. भरलेलं ताट बघूनच पुष्कळांची भूक मरते. तेवढ्याच आमटीत बारीक कूट शिजवा, भातावर चमचाभर तूप सोडा, त्यानं जवळपास 45 कॅलरी वाढतात. खिरीत दुधाची पावडर घाला. संध्याकाळी सातला जेवण आणि सकाळी आठला नाष्टा म्हणजे तेरा तास उपाशी. रात्री नऊला कपभर दूध किंवा खीर ठेवा.

नातेवाइकांनो, भेटायला याल ते जेवणाच्या वेळी या आणि सोबत जेवा. बिस्किटांचे पुडे नकोत. खापली गव्हाची खीर आणा, घरची चटणी आणा, तासगावचे बेदाणे भिजवून वाटून आणा. गिळण्याचा त्रास असेल तर आधी आम्हाला विचारा.

डबे भरून देण्याआधी एक धोका लक्षात ठेवा. कुणी पाच-सात दिवस किंवा जास्त जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल, तर एकदम पोटभर खाऊ घालू नका. रक्तातले क्षार अचानक घसरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं वाढवायचं. आणि खाणं व्यवस्थित असूनही वजन उतरत असेल तर टॉनिकची बाटली आणण्याआधी तपासण्या करा: साखर, थायरॉइड, आणि खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल तर टीबी. शौचात रक्त जात असेल किंवा कुठं गाठ लागत असेल तर तेही सांगा. डॉक्टरांकडं जाताना वजनाची वही, तीन दिवसांच्या ताटांची नोंद, गोळ्यांची सगळी पिशवी आणि कवळी, हे चारही बरोबर न्या.