तत्त्वज्ञानाचा आधार घेताय? मग या चुका टाळा

शनिवारच्या आमच्या अभ्यासगटात नवीन माणूस आलं की पहिला प्रश्न ठरलेला, “किती दिवसांत फरक पडेल?” मी आता हसून चहा पुढे करते. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस वाचा नाहीतर तुकोबा, माणसं त्याच चार-पाच चुका करतात. त्यातल्या निम्म्या मी स्वतः केल्यात, म्हणून हक्काने सांगते.

‘माझ्या हातात नाही’ म्हणत हात झटकणं

ही मला सगळ्यात महागात पडलेली चूक. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस रोममध्ये गुलाम होता, पुढे मोकळा झाल्यावर शिकवू लागला. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, हा त्याचा पहिला धडा. 2020 च्या मे महिन्यात माझी नोकरी गेली आणि मी त्यातला अर्धाच धडा घट्ट धरून बसले. कंपनी हातात नाही, कोरोनाची साथ हातात नाही, बाजार हातात नाही. घरचे म्हणायचे, किती शांत आहे ही! शांत कसली, चक्क आळस होता तो. रिझर्व्ह बँकेने मार्चअखेर कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची मुभा दिली होती, पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. माझ्या बँकेला त्यासाठी फक्त होकार कळवायचा होता. मेसेज फोनमध्ये तसाच पडून राहिला. जूनचा हप्ता बाउन्स झाला, वर दंड. धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, नोकरी जाणं तुझ्या हातात नव्हतं, कबूल. मेसेजला ‘होय’ लिहिणं कुणाच्या हातात होतं?”

तेव्हापासून मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारते. डावीकडे हातात नसलेलं, उजवीकडे असलेलं. उजवी बाजू कोरी असेल तर जागेवरून उठायचं नाही. तिथे ‘धीर धरणे’ असलं काही चालत नाही, ‘अकरा वाजता बँकेत फोन’ असंच लिहायचं.

दुसऱ्याच्या दुःखावर आपलं वाचन पाजळणं

याने माझं डोकं फिरतं. एका मैत्रिणीचे यजमान गेले. आठव्या दिवशी आमच्यातलेच एक गृहस्थ तिला समजावत होते, “सगळं अनित्य आहे हो, यातूनही चांगलंच निघेल.” ती काही बोलली नाही. आत गेली आणि ओट्यावरची धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. गृहस्थांना वाटलं, पटलं बहुतेक.

‘बरें झालें देवा निघालें दिवाळें’ हे तुकोबांनी स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हटलंय, शेजाऱ्याच्या नव्हे. ते दिवाळं ज्या दुष्काळात निघालं, त्यात त्यांची बायको ‘अन्न अन्न’ करत गेली, हे त्यांनी दुसऱ्या एका अभंगात सांगितलंय. ते कडवं मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. मी सांत्वनाला जाते तेव्हा दूध नेते, भाजी निवडून देते. तत्त्वज्ञान विचारलं तरच, तेही दुसऱ्या भेटीत.

दगड होण्याची हौस

रडू आलं म्हणजे अभ्यास फुकट गेला, असं काहींना वाटतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने 1955 च्या सुमारास एपिक्टेटसचाच धागा पकडून विवेकनिष्ठ मानसोपचार (विचार तपासून भावना सावरण्याची पद्धत) उभा केला, आपल्याकडे तो कि. मो. फडक्यांनी रुजवला. त्यातही दुःख होणं आणि दुःखाने खचून जाणं या दोन गोष्टी वेगळ्या मानल्यात. रडा की खुशाल!

औषधाऐवजी पुस्तक

दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतोय, तर वाचन बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो.

तहान लागल्यावर विहीर खोदणं

यावर जास्त काय बोलायचं. मार्कस सकाळीच स्वतःला बजावायचा की आज आगाऊ, कृतघ्न माणसं भेटणार आहेत. बादशहाला जे रोज करावं लागलं, ते आपण एका मिनिटाच्या व्हिडिओवर भागवू पाहतो. माझा सराव रिक्षाच्या रांगेत चालतो. कुणीतरी मध्ये घुसणार हे धरूनच उभी राहते. काल दोघं घुसले. पहिल्याला सोडलं, दुसऱ्याशी भांडले.